भुंगेऱ्यांच्या चिठ्ठ्या : प्रकल्प नोंदी

१२ मे

ही वही आजपासून. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात भिंतीतल्या कपाटात भुंगेऱ्यांच्या काचेच्या पेट्या आहेत. त्यातल्या सतरा पेट्या जूनअखेर मुलांसाठी आणि पालकांसाठी हॉलमध्ये मांडायच्या आहेत. बहुतेक सगळे एकाच कुळातले, स्कॅरॅबिडी. पेट्यांवर लॅटिन नावं आहेत, शाई उडालेली. प्राणिशास्त्राचे सर म्हणाले, "मॅडम, मुलं या नावांचा अर्थ विचारतात आणि मी नुसतं 'नाव आहे ते' म्हणून पुढं सरकतो. तुम्ही भाषेच्या. प्रत्येक पेटीखाली एक चिठ्ठी लिहून द्याल का?"

हो म्हटलं. चिठ्ठीत तीन गोष्टी असाव्यात असं सरांचं म्हणणं: शास्त्रीय नाव देवनागरीत, त्याचा अर्थ, आणि आपल्याकडचं नाव. मी चौथी ओळ वाढवली: हे नाव ठेवणाऱ्यानं काय पाहिलं होतं. नाव ठेवायचं म्हणजे आधी कुणीतरी वाकून त्या जिवाकडं नीट बघितलेलं असतं. ते बघणं चिठ्ठीत आलं नाही तर नुसता अर्थ कोरडा राहील.

१५ मे

आधी घरचे शब्द. 'किडा' संस्कृत 'कीट'वरून सरळ आला. 'भुंगा' भृंगावरून. भृंग म्हणजे कवितेतला कमळात अडकणारा काळा भ्रमर, म्हणजे खरं तर मधमाशीच्या गोतातला. पण मराठीत भुंगा लाकूड पोखरणाऱ्या काळ्या माशीलाही म्हणतात, दिव्यावर येऊन आपटणाऱ्या कडक पाठीच्या किड्यालाही म्हणतात. गुंऽऽ असा आवाज करत जे येईल तो भुंगा. कानानं ठेवलेलं नाव आहे हे. कडक पाठीच्या किड्याला वेगळं काढायचं तर 'भुंगेरा' म्हणायचं, शेतीच्या पुस्तकांतही तोच शब्द आहे. चिठ्ठ्यांत तोच वापरीन.

शास्त्रात या सगळ्यांच्या गणाचं नाव कोलिऑप्टेरा. ग्रीक 'कोलेऑस' म्हणजे म्यान, 'प्तेरॉन' म्हणजे पंख. म्यानात पंख ठेवणारे. शब्द अ‍ॅरिस्टॉटलच्या काळाइतका जुना आहे. मराठीत 'ढालपंखी' म्हणतात. पाठीवरची जोडी ग्रीकांना म्यान वाटली, आपल्याला ढाल. दोन्ही लढाईतलेच शब्द. मला म्यान जास्त नेमकं वाटतं, कारण ढाल नुसती झाकते, म्यानातून मात्र काहीतरी बाहेर निघतं. भुंगेरा उडताना पुढची जोडी उचलतो आणि घडी घातलेले मागचे पातळ पंख सळकन बाहेर येतात.

'प्तेरॉन' आणि आपलं 'पत्र' ही सख्खी भावंडं. मूळ धातू उडण्याचा, संस्कृतात 'पत्'. संस्कृतात पत्र म्हणजे पंखही होतो आणि पानही. हेलिकॉप्टरच्या शेपटाला हाच 'प्तेरॉन' आहे. मुलांना हे सांगितलं तर कोलिऑप्टेरा पाठ करावं लागणार नाही.

१९ मे

आज मुख्य शब्दाशी झटापट. लॅटिन 'स्काराबेउस', म्हणजे भुंगेरा. स्कॅरॅबिडी हे कुळाचं नाव त्यावरूनच. त्याच्याजवळ ग्रीक 'काराबोस' उभा आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या लिखाणात काराबोस म्हणजे शेवंड, आपल्या कोकणातली खडकातली शेवंड असते तसला समुद्री जीव, आणि एक भुंगेराही. एकच शब्द दोघांना. आधी विचित्र वाटलं, मग पेटी उघडून भुंगेरा पालथा केला. पोटाकडून पाहिलं तर कवच, सांधे, काटेरी पाय. शेवंड आणि भुंगेरा दोघेही हाडं अंगाबाहेर घालून हिंडतात. शब्द ज्यानं वापरला त्याचं बघणं चुकलेलं नव्हतं. हा शब्द ग्रीकांनी आधीच्या कुठल्यातरी भूमध्य समुद्राकाठच्या भाषेतून उचलला असावा असं अभ्यासक मानतात.

इथं एक मोह झाला. संस्कृतात 'करभ' आहे: हत्तीचं किंवा उंटाचं पिल्लू, हत्तीची सोंड. काराबोस, करभ. कानाला किती गोड लागतं! पण आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही. नातं असेल तर दोन भाषांतले आवाज ठरलेल्या नियमानं बदलतात, एका शब्दात नाही, शेकडो शब्दांत. करभ वहीत राहील, चिठ्ठीत जाणार नाही.

ग्रीक माणूस शेणातल्या भुंगेऱ्याला रोजच्या बोलण्यात 'कान्थारोस' म्हणायचा. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४२१ मधल्या 'शांती' नाटकात एक शेतकरी अवाढव्य कान्थारोसवर बसून देवांना जाब विचारायला आकाशात जातो. लढाईनं शेती बुडाली, आता बस झालं, हे सांगायला. वाहन म्हणून गरुड नाही, घोडा नाही, शेण खाणारा भुंगेरा. शेतकऱ्याला तोच जवळचा.

२० मे

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ साली 'स्कॅराबियस' हे प्रजातीचं नाव पक्कं केलं आणि त्यात अनेक भुंगेरे कोंबले. नंतरच्यांनी ते वेगळे काढून नवी नावं दिली. म्हणजे आमच्या सतरा पेट्या हे एका एकत्र कुटुंबाच्या वाटण्या झाल्यानंतरचं चित्र आहे.

२४ मे

मामांच्या गावी आले, कागल तालुक्यात, दूधगंगेच्या काठी. दुपारी चारला वळीव झाला. गारा नव्हत्या, पण पाऊण तास बडवून काढलं. मामा म्हणाले, "आज रातच्याला ऱ्हा. वळीव झालाय, भुंगं निघत्यात आज."

आणि निघाले. सात वाजून गेले होते. विहिरीजवळच्या कडुनिंबावर नुसती घरघर. कंदील नको, बॅटरी नको, डोळे स्थिरावले की फांद्यांवर तपकिरी ठिपके हलताना दिसतात. पानं खातात, जुळतात, पहाटे परत जमिनीत. त्यांची अंडी, अंड्यातून अळी, आणि अळीचं नाव सगळ्या ऊसपट्ट्याला माहीत: हुमणी. पांढरी, तपकिरी डोक्याची, चंद्रकोरीसारखी वाकलेली. जमिनीखाली उसाच्या मुळ्या खाते. वर ऊस पिवळा पडतो आणि हातानं उपटला तरी अलगद वर येतो. भुईमुगालाही सोडत नाही.

मामांनी आकडीनं फांदी हलवली. खाली रॉकेल घातलेल्या पाण्याची घमेली. भुंगेरे टपाटप पडले. शेजारच्या तीन वस्त्यांवरही हेच चाललं होतं, कारण एकट्यानं करून उपयोग नाही, शेजारच्या झाडावरचे उडून येतात.

मी विचारलं, हुमणी म्हणजे हा भुंगा का ती अळी?

"हुमणी मंजी अळी. ह्यो भुंगा. पर भुंगा मारला की हुमणी मेली म्हणायचं."

मग त्यांनी जे सांगितलं ते तिथंच वहीत उतरवून घेतलं. "हुमणी दोन जातीची असती. माळाची निराळी, मळीतली निराळी. ह्यो माळाचा भुंगा. मळीतल्याला बोटानं चोळलंस की भुकटी लागती पांढरी. ह्याला न्हाई." मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन.

कृषी खात्याच्या पत्रकांतही 'माळावरची हुमणी' आणि 'नदीकाठची हुमणी' अशाच दोन जाती आहेत. पहिली होलोट्रिकिया सेराटा, दुसरी ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. भुकटीचं मात्र मी कुठं वाचलं नव्हतं.

२५ मे

सकाळी मामांचा नातू एका भुंग्याच्या पायाला दोरा बांधून तो गरगर उडवत होता. मामी ओरडली, "सोड रं त्याला, जीव हाय त्यो." त्यानं दात आणि नख लावून दोरा तोडला.

मला कॉलेजमधली यादी आठवली. हुमणीचे हे दोन्ही भुंगेरे ज्या उपकुलात येतात त्याचं नाव मेलोलॉन्थिनी. त्यात ग्रीक शब्द आहे 'मेलोलॉन्थे', भुंगेऱ्याची एक जात. हा शब्द अ‍ॅरिस्टोफेनिसच्या 'मेघ' या इ.स.पू. ४२३ च्या नाटकात आला आहे. तिथं सॉक्रेटिस शिष्याला सांगतो की विचार सारखा आवळून धरू नकोस, पायाला दोरा बांधलेल्या मेलोलॉन्थेसारखा त्याला हवेत सैल सोड.

अथेन्समधल्या पोरांनी दोरा बांधला, अडीच हजार वर्षांनी दूधगंगेच्या काठी एका पोरानं बांधला, आणि दोन्ही भुंगेरे एकाच उपकुलातल्या नावाखाली. ही चिठ्ठी मी आज एका बैठकीत लिहून संपवली.

२७ मे

मामांची भुकटी तपासली. सरांनी ल्युकोफोलिसची पेटी उघडली, सूक्ष्मदर्शकाखाली पाठ धरली. साध्या डोळ्यांना जो राखाडी मळकटपणा वाटतो, ते पांढरट बारीक खवले होते, एकाला एक लागून, माशाच्या अंगासारखे.

आता नाव बघा. ग्रीक 'ल्युकोस' म्हणजे पांढरा, 'फोलिस' म्हणजे खवला. 'लेपिस' म्हणजे पुन्हा खवलाच, आणि 'फोरोस' म्हणजे वाहणारा. पांढऱ्या खवल्यांचा, खवले वाहणारा. नाव ठेवणाऱ्यांचं एकदा सांगून समाधान झालं नाही, इतके ते खवले त्यांच्या डोळ्यांत भरले होते. मामांच्या बोटाला लागलं तेच त्यांच्या भिंगाला दिसलं.

माळावरच्या हुमणीचं नाव होलोट्रिकिया: 'होलोस' म्हणजे सर्व, 'थ्रिक्स' म्हणजे केस. हा 'होलोस' आणि आपला 'सर्व' एकाच मुळाचे. सुरुवातीच्या स-चा ग्रीकमध्ये ह होतो: सप्त तिथं 'हेप्ता', सर्व तिथं 'होलोस'. सेराटा लॅटिन, 'सेर्रा' म्हणजे करवत, त्यावरून करवतीसारखे दाते असलेली.

सर बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. मग म्हणाले, मामांचं वाक्य चिठ्ठीत घाला, जसं बोलले तसंच.

३१ मे

गोठ्याचा दिवस. गंगावेशीजवळ ओळखीच्या एका म्हशींच्या गोठ्यात सकाळी सहाला गेलो, सर, मी आणि अकरावीतल्या चार मुली. कोल्हापूरला कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध प्यायची सवय, पण शेणाच्या पोवापुढं कुणी उकिडवं बसलेलं गवळ्यानं पाहिलं नव्हतं. तो स्वतःच फावडं घेऊन आला आणि कुठल्या कडेला किडे जास्त असतात ते दाखवलं: "ओल हाय पर पाणी न्हाई, अशा जागंला बघा."

तिथं ऑन्थोफेगस सापडले. ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्यापर्यंतचे, काहींच्या डोक्यावर शिंगं. जगात या एका प्रजातीत दोन हजारांहून अधिक जाती आहेत. 'ऑन्थोस' म्हणजे गुराचं शेण, 'फागेइन' म्हणजे खाणं. होमरच्या 'इलियड'मध्ये तेविसाव्या सर्गात धावण्याची शर्यत आहे, तिथं एजॅक्स बैलांच्या शेणावरून घसरतो आणि त्याचं तोंड शेणानं भरतं. त्या ओळीत हाच 'ऑन्थोस' आहे. 'फागेइन'चं नातं आपल्या 'भज्', 'भक्ष' या शब्दांशी. मूळ अर्थ वाटणी, वाट्याला आलेलं. शेण हा ज्याचा वाटा तो.

पुढची पेटी कोप्रिस. ग्रीक 'कोप्रोस', शेण. यावर मी आज संध्याकाळी तीन तास बसले. संस्कृतात शेणाला 'शकृत्' असा एक शब्द आहे, आयुर्वेदाच्या ग्रंथांत भेटतो. कोप्रोस आणि शकृत् एकाच मुळाचे आहेत. दिसायला किती लांब! काराबोस आणि करभ यांच्यात तीन अक्षरांचं साम्य आणि नातं शून्य, इथं साम्य जवळजवळ नाही आणि नातं सख्खं. मुलींना फळ्यावर मांडून दाखवलं. आपला श तिथं क होतो: दश तिथं 'देका', शत तिथं 'हेकातोन'. आणि आपल्या क-च च्या जागी तिथं पुष्कळदा प असतो: आपला पच्, पचन, तिथं 'पेप्', ज्यावरून पेप्सिन हे पोटातल्या पाचक रसातल्या एन्झाइमचं नाव आलं. आता शकृत् घ्या. श चा क करा, क चा प करा. कोप्र.

एक मुलगी उठून फळ्याजवळ आली, तिनं स्वतः खडूनं अक्षरं बदलून पाहिली आणि म्हणाली, "खरंच की."

हेलिओकोप्रिस या मोठ्या भुंगेऱ्याचं नाव आता आपोआप सुटतं. 'हेलिओस' म्हणजे सूर्य, आणि तोही शब्द आपल्या 'सूर्य'चा भाऊबंद. हेलिओकोप्रिस म्हणजे शब्दाला शब्द ठेवून 'सूर्य-शकृत्'.

शेणातल्या भुंगेऱ्यांच्या राहणीवरून शास्त्रज्ञ तीन गट करतात, त्या नावांतही हाच कोप्रोस: 'टेले' म्हणजे लांब, गोळा करून लांब नेणारे, 'पारा' म्हणजे शेजारी, पोवाखालीच बीळ करून शेण आत ओढणारे, 'एन्डो' म्हणजे आत, शेणातच संसार करणारे. चिठ्ठीत मी लिहिलं: लोटे, बिळे, घरबसे. सरांना 'घरबसे' पसंत नाही, कारण त्यात आळशीपणाचा वास येतो. बरोबर आहे त्यांचं. 'शेणातच राहणारे' केलं.

४ जून

पन्हाळ्याच्या पलीकडं मसाई पठार. जांभ्याचा सपाट माळ, वर नुकत्या झालेल्या दोन पावसांनी कोवळं गवत, त्यावर चरणाऱ्या म्हशी. अकरा वाजता ऊन पडलं आणि गोळे फिरू लागले.

मी आयुष्यात पहिल्यांदा हे इतकं जवळून पाहिलं. भुंगेरा डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, उलटा चालत लोटतो. वाटेत जांभ्याची खाच आली, गोळा आत गेला. चार वेळा बाहेर काढला, चार वेळा आत गेला. पाचव्यांदा तो खाचेच्या कडेनं फिरून दुसऱ्या बाजूनं आला. आम्ही सहाजण श्वास रोखून बघत होतो.

हा जिम्नोप्ल्यूरस. या नावानं मला आठवडाभर अडवलं होतं. 'गिम्नोस' म्हणजे उघडा, नागवा. जिम्नॅस्टिक त्यावरूनच, कारण ग्रीक पुरुष नागव्यानं व्यायाम करायचे. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ हा शब्द आणि आपला 'नग्न' एकाच मुळाचे मानतात, फक्त ग्रीकमध्ये व्यंजनांची उलथापालथ झाली. 'प्लेउरा' म्हणजे बरगडी, कूस. नागव्या कुशीचा? कवच घातलेल्या प्राण्याला हे कसलं नाव? मी चिठ्ठीच्या पहिल्या खर्ड्यात 'अंगावर केस नसलेला' असं लिहून टाकलं होतं. ते चूक होतं.

सरांनी एक हलकेच उचलून कुशीवर धरला आणि भिंग दिलं. पाठीवरच्या म्यानाची कड खांद्यामागं आत वळलेली आहे, अंगरख्याची बाही बगलेपाशी कापावी तशी. त्या कापातून अंगाची बाजू उघडी दिसते. नावात होतं ते एवढंच, आणि अगदी नेमकं. जी. जे. अ‍ॅरो यांच्या 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या १९३१ च्या खंडात या भुंगेऱ्यांची वर्णनं आहेत, सरांकडं त्याची प्रत आहे. पण भिंगाखालचं ते एक मिनिट नसतं तर मी वाचूनही चूकच लिहिलं असतं. खर्डा फाडला.

त्याच माळावर सिसिफस प्रजातीतले लहान, लांब टांगांचे. ग्रीक पुराणातला राजा सिसिफस, शिक्षा म्हणून धोंडा डोंगरावर लोटतो, तो घरंगळतो, पुन्हा लोटतो, अखेर नाही. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेयनं १८०७ मध्ये हे नाव ठेवलं. सगळ्या यादीत हे एकच नाव मला अन्यायाचं वाटतं. राजाचा धोंडा निष्फळ होता. या भुंगेऱ्याचा गोळा म्हणजे शिदोरी आहे, नाहीतर पाळणा आहे. मादी त्यात अंडं घालते, अळी तोच गोळा आतून खात वाढते. जोडप्यानं मिळून गोळा नेताना आज आम्ही पाहिलं. चिठ्ठीत मी पुराणकथा दिली आणि खाली लिहिलं की या गोळ्याला मुक्काम असतो.

८ जून

मृग निघाला. एका मुलीनं काडेपेटीत सोनकिडा आणला, बाभळीच्या पाल्यासकट, हिरवा-सोनेरी चमकणारा. दुसरीनं मृगाचा किडा, लाल मखमल. दोघींना या पेट्यांत जागा हवी होती. देता येणार नाही. मृगाचा किडा तर कीटकही नाही, त्याला आठ पाय, तो कोळ्या-गोचिडांच्या गोतातला. सोनकिडा भुंगेरा आहे पण कुळ वेगळं, बुप्रेस्टिडी. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'गाय फुगवणारा', कारण चाऱ्यातून तसा किडा पोटात गेला की जनावर फुगतं असा समज होता.

ओळखायचं कसं हे दाखवलं. आपल्या कुळातल्या भुंगेऱ्याच्या मिशीच्या टोकाला पातळ पात्या असतात, मिटल्या तर गाठ, उघडल्या तर पंखा. यांच्या गटाचं जुनं नाव लॅमेलिकॉर्निया, पातीशिंगे. सोनकिड्याची मिशी करवतीसारखी. मुलींनी भिंगानं बघितलं आणि काडेपेटी आपली आपण मिटली.

१३ जून

इजिप्तची पेटी. नमुना नाही, फक्त चित्र. पवित्र भुंगेरा, स्कॅराबियस सेसर, आपल्याकडचा नव्हे. पण तो नसता तर या कुळाला एवढी कीर्ती नव्हती.

प्राचीन इजिप्ती भाषेत 'खेपर' हे क्रियापद आहे: होणं, अस्तित्वात येणं, एकाचं दुसरं होणं. ते लिहायचं चिन्ह म्हणजे या भुंगेऱ्याचं चित्र. म्हणजे लेखनिकाला 'झाला' असं लिहायचं तर दर वेळी भुंगेरा काढायचा, सहा पाय, पंखांची रेघ, सगळं. उगवत्या सूर्याचा देव खेप्री, त्याच शब्दावरून. त्यांनी पाहिलं ते असं: हा प्राणी गोळा लोटत नेतो, जमिनीत पुरतो, आणि काही काळानं तिथून नवा भुंगेरा वर येतो. आईबाप दिसत नाहीत. सूर्यही तसाच लोटत नेला जातो, मावळतो, पुन्हा वर येतो. तुतानखामेनचं राज्याभिषेकाचं नाव 'नेबखेपरुरे', त्यात टोपली, भुंगेरा, अनेकवचनाच्या तीन रेघा आणि सूर्यबिंब.

अंडं त्यांना दिसलं नव्हतं, म्हणून आपोआप 'होणं' एवढंच त्यांनी पकडलं. पण क्रियापदासाठी त्यांनी निवडलेला प्राणी बघा. सिंह नाही, मगर नाही.

फळ्याजवळ येऊन अक्षरं बदलणाऱ्या त्याच मुलीनं विचारलं, "मॅडम, खेपर म्हणजे खेपा घालणारा का?" मराठीतली खेप संस्कृत 'क्षेप'वरून आली, इजिप्तशी तिचा संबंध नाही, आणि हे मी तिला सांगितलं. पण शेणाच्या पाट्या डोक्यावरून नेणाऱ्या बाया ज्या पोरीनं रोज पाहिल्या आहेत, तिच्याच कानाला ही खेप ऐकू येणार. तिला म्हटलं, वहीत लिहून ठेव.

येताना टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात थांबले. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठी सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे, रोमन काळातली. कोप्रोस, ऑन्थोस, प्तेरॉन हे शब्द बोलणारी माणसं जिला पुजायची ती देवता कोल्हापुरात येऊन पोचली होती. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेऊन तिच्यासमोर बराच वेळ उभी होते.

१८ जून

आजची बैठक अवघड गेली. प्रश्न एकच: मराठी नाव म्हणून 'शेणकिडा' छापायचं का. दोघातिघांचं मत पडलं की पालक येणार, पाहुणे येणार, शब्द बरा दिसत नाही, 'गोमय भुंगेरा' करा. शिवाय शेणातला किडा म्हणून माणसाला हिणवतात.

मी माझं म्हणणं मांडलं. कोप्रिस म्हणजे शेण, ऑन्थोफेगस म्हणजे शेण खाणारा. ते चालतं, कारण ते ग्रीक आहे आणि समजत नाही. समजणारा शब्द मात्र लाजेचा. आपण शेणानं उंबरा सारवतो, अंगणात सडा घालतो. होळी लहान करून शेणी पंचगंगेच्या स्मशानाला द्यायची कोल्हापूरची रीत आहे, शेवटचा अग्नीही शेणाचाच. शेण पवित्र, आणि त्यात राबणारा किडा तेवढा शिवी?

मग मी सातव्या पेटीची चिठ्ठी वाचून दाखवली. कॅथार्शियस मोलोसस, काळा, जाड, अंगठ्याच्या पेराएवढा, आपल्याकडं सर्रास दिसणारा. १८३७ मध्ये फ्रेडरिक विल्यम होप या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं प्रजातीचं नाव ठेवलं. ग्रीक 'काथार्सिओस': शुद्ध करणारा. रात्रीतून पो जमिनीत गाडून माळ मोकळा करतो, माशांना जागा ठेवत नाही, माती भुसभुशीत करतो. कुणीतरी त्याला बघून 'शुद्धी' हा शब्द उचलला. आणि लिनियसनं इजिप्तच्या भुंगेऱ्याला दिलेलं विशेषण 'सेसर', लॅटिनमध्ये त्याचे दोन अर्थ: देवाला वाहिलेला आणि समाजातून टाकलेला. हा दुभंग फक्त आपल्याकडं नाही.

सर म्हणाले, शेणकिडाच राहू द्या. ठरलं.

१९ जून

गेंड्या भुंग्याची राहिलेली चिठ्ठी संपवली. ओरिक्टेस म्हणजे खणणारा, ऱ्हायनोसेरॉस म्हणजे नाकावर शिंग असलेला. माडाचा कोंब पोखरतो, अळी उकिरड्यात वाढते. आपल्या शेतकऱ्यांचं 'गेंड्या' आणि लिनियसचं लॅटिन दोन्ही एकाच शिंगाकडं बोट दाखवतात.

२१ जून

छपाई झाली. एका चिठ्ठीत 'खवले'चं 'खवळे' झालं होतं, ते हातानं सुधारलं.

२८ जून

हॉल सकाळी दहाला उघडला. गंगावेशीतला गवळी आला होता, ऑन्थोफेगसच्या पेटीपुढं उभा राहून दोन माणसांना ओल कुठं असावी ते समजावत होता. मामा-मामी दुपारच्या एसटीनं आले. मामी शुद्धीच्या चिठ्ठीपाशी थांबली, ती सावकाश वाचते, एकेक अक्षर ओठ हलवत. पूर्ण वाचून झाल्यावर तिनं काचेला हात लावला आणि मामांना हाक मारली.

मामा तोवर हुमणीच्या दोन पेट्यांपुढं होते. स्वतःचं वाक्य छापलेलं त्यांनी पाहिलं, त्यावर काही बोलले नाहीत. मग वरच्या ओळीवर बोट ठेवलं. मी पत्रकातला शब्द छापला होता, नदीकाठची हुमणी.

"नदीकाठ मंजी काय, खडक बी काठालाच असतोय. खडकात हुमणी कशी व्हईल? गाळ लागतोय तिला. मळीतली म्हण."

मी पेन काढलं, 'नदीकाठची' वर रेघ मारली आणि तिच्या डोक्यावर लिहिलं: मळीतली.